जागी गाडी

गॅरेजमध्ये शिरताच वासंतीताईंनी गाडीला झोपवायचं बटण दाबायला हात पुढे केला. आधीच्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी तेच करायला लावलं होतं. "उघडताना गाडी कण्हते, आमचं कामात लक्ष लागत नाही," असं म्हणून त्यांनी तिला झोपवलं, आणि मग चालताना होणारी खरखर थांबवायला मोटरच बदलावी लागेल असं सांगितलं. त्या लाखभराच्या खर्चाला घाबरून ताई गाडी विकायला निघाल्या होत्या; त्याआधी हे शेवटचं गॅरेज.

"राहू द्या ताई, जागीच असू दे," बाबालाल मिस्त्री म्हणाले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "कुठं दुखतंय गं?"

"मागच्या उजव्या चाकात," गाडी म्हणाली. "वळताना टोचतं. मोटर बरी आहे. मला कुणी विचारलंच नाही."

वासंतीताई ओशाळल्या. त्यांनी तरी कुठे विचारलं होतं!

बाबालालनी चाक उतरवलं, ब्रेकमध्ये अडकलेला चिंचोक्याएवढा खडा काढला आणि ताईंच्या तळहातावर ठेवला. ताईंना एकदम हसूच फुटलं.

"किती द्यायचे?"

"लागलेल्या वेळाचे घेतो मी. किती लागला, ते तिलाच विचारा."

"एकोणीस मिनिटं," गाडी म्हणाली. "पण त्यातली दहा मिनिटं ते माझ्याशी गप्पाच मारत होते. ती धरू नका."