ड्रायव्हरकडची चकती

आदिनाथनं हौसेनं उंच करून घेतलेली जीप त्याच्या वडिलांनी, राधाकिशनरावांनी, विकायला काढली. पण गाडी डावीकडं कलते म्हणून गिऱ्हाईक अडून बसलं, तेव्हा राधाकिशनराव ती घेऊन नेकनूरला जाकीर मिस्त्रीकडं आले.

जाकीरनं चाकांतली हवा पाहिली, स्प्रिंगा ठोकून पाहिल्या. सगळं ठणठणीत. मग ड्रायव्हरकडच्या स्प्रिंगवर त्याचा हात गेला आणि तिथंच थांबला.

"काका, ही लोखंडी चकती मीच घातलती. आदिनाथ बसला की गाडी उजवीकडं लई दबायची. आता तोच राहिला न्हाई..."

"काढ."

जीप सरळ झाली. राधाकिशनरावांनी ती ग्रीसनं माखलेली चकती उपरण्यात बांधली.

 

"गाडी घेऊन जाऊ दे गिऱ्हाईकाला. माझ्या पोराचं वजन मी घरी नेतो."