फोन गरम होतोय

"काका, खरं सांगा, दुरुस्तीला आलेल्या फोनमधले फोटो तुम्ही बघता की नाही?"

तोफेने एका दमात विचारून टाकलं. दुकानाच्या दारात तिच्या मैत्रिणी, लंबू आणि खारूताई, एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून सगळी शाळा तिला तोफ म्हणायची, आणि तोफेने माघार घ्यायची नसते.

दुरुस्तीवाल्या काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "दिवसाला वीस फोन येतात. प्रत्येकात चार हजार फोटो. त्यातले साडेतीन हजार एकाच माणसाचे, तोंडाचा चंबू केलेले. ते बघायचा पगार कोण देणार मला?"

दारातल्या दोघी फिसकन हसल्या.

"मग पासवर्ड कशाला मागता?"

"दुरुस्त झालाय की नाही ते कळायला. बोल, काय होतंय?"

"तापतो. दुपारपर्यंत बॅटरी झोपते. कंपनीच्या दुकानात गेलं तर नुसतं उघडून बघायचेच निम्म्या फोनाएवढे पैसे घेतात म्हणे."

"घेणारच. डब्यात चार्जर देत नाहीत, का तर पर्यावरणासाठी. मग तोच चार्जर वेगळ्या डब्यात घालून विकतात. तोही पर्यावरणासाठीच."

तोफेला हसू आलं, पण संशय काही गेला नाही. तिने हाताचा आडोसा करून पासवर्ड टाकला आणि काकांच्या बोटांवरची नजर हलू दिली नाही. बोटं फोटोंकडे गेलीच नाहीत. ती बॅटरीच्या यादीपाशी थांबली.

"हं. हा बघ तुझा चोर," काका म्हणाले. "हे अ‍ॅप चोवीस तास जागं असतं. कोण कुठे आहे ते सारखं कळवत राहतं. तीन फोन एकमेकांना जोडलेत. एक हा. बाकीच्या दोघांची नावं तूच वाच."

तोफेने वाचली नाहीत. लंबूने तिच्या खांद्यावरून वाचली. "आई. बाबा."

तोफेने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि ठेवलंय कुठे बघा," काका म्हणाले. "गणिताच्या फोल्डरमध्ये."

"शाब्बास!" खारूताई ओरडली. "तिथे तर ही जन्मात फिरकायची नाही! म्हणूनच वाढदिवसाला एवढ्या प्रेमाने फोन दिला काय!"

"पहिला महिना फुकट, पुढे दर महिन्याला पैसे," काका म्हणाले. "पाळतसुद्धा आता भाड्याने मिळते. काढून टाकू का?"

"नको," तोफ घाईने म्हणाली. "राहू दे. मी बघते काय करायचं ते."

"बघ बाई. उद्या तुझे बाबा येतायत तसेही. त्यांचाही फोन असाच तापतो म्हणत होते."

तिने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

बसथांब्यापर्यंत दोघी मैत्रिणी तिच्या वतीने संतापत होत्या. त्यांच्याइतका राग तिला काही केल्या येईना.

"आज घरी तोंडावर विचार," लंबू म्हणाली, "माझ्यावर विश्वास नाही का म्हणून. नाही विचारलंस तर तोफ कसली, नुसता धूर."

दोघी बसमध्ये चढल्या. तोफ चालत निघाली. दोन महिने ती बसचे पैसे खिशातच ठेवून चालत जात होती. व्यायाम होतो, म्हणायची.

मागच्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. तीन महिने ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात बसून संध्याकाळी परतायचे. आईला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. तोफेला कळलं तीन महिन्यांनी, तेही शेजारच्या काकूंकडून, जिन्यात. त्या रात्री ती इतकी रडली की आईने नियमच करून टाकला: यापुढे या घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही. मग नवी नोकरी लागली आणि पहिल्या पगारात बाबांनी तिच्या वाढदिवसाला फोन आणला. "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून देतोय," ते म्हणाले होते. हे वाक्य वाटेत तिला तीनदा आठवलं.

घरी येऊन तिने दप्तर टाकलं, फोनकडे एक नजर टाकली आणि चहाचं आधण ठेवलं. चहाला उकळी आली आणि दारात आईची किल्ली वाजली.

"रोज कसं गं तुला बरोबर कळतं?" आई चपला काढत म्हणाली. "मनकवडी आहे माझी लेक."

बाबा आज तासभर आधीच आले. तरी टेबलावर तीन कप भरून तयार होते. बाबांनी खिशातून फोन काढला आणि टेबलावर पालथा घातला. तोफेच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"खिशात निखारा ठेवल्यासारखा तापतोय. उद्या टाकतो दुकानात," ते म्हणाले.

"दुकानात कशाला? हिलाच दाखवा की," आई म्हणाली. "आपले सगळे पासवर्ड तरी दुसऱ्या कुणाला ठाऊक आहेत?"

तोफेने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"बाबा, तुमचा माझ्यावर विश्वास आहे?"

"हे काय विचारणं झालं? आहेच."

"पूर्ण?"

आई सावध झाली. "काय झालंय? काही लपवते आहेस का? नियम आठवतोय ना?"

"आठवतोय."

दोनशे मुलांसमोर न कापणारा आवाज आत्ता कापत होता.

"मी ठरवलंय. तुमच्या दोघांच्या फोनमध्ये मी टाकून ठेवलेलं, तुम्ही कुठे आहात ते मला कळवणारं अ‍ॅप आज काढून टाकते. उद्यापासून चहा तुम्ही आल्यावरच ठेवीन."