दुसऱ्या कुळाचं काम

रानातले सांबरासारखे थोराड मूस फार कमी झाले, म्हणून ताल्टान आदिवासींच्या वस्तीने बाहेरच्या शिकाऱ्यांची वाट अडवली आणि मूस खाणारे लांडगे मारायचं काम म्हाताऱ्या एल्डनवर सोपवलं. आज अडसरापाशी तो एकटाच होता. पायाशी ताजा मारलेला लांडगा.

"आजोबा, सोडा की आत! सगळे मूस तुम्हीच खाणार?" गाडीतला शिकारी म्हणाला.

"आत सोडणार नाही. पण खाली उतर, एवढा लांडगा सोलून दे."

"का, तुम्हाला येत नाही?"

"येतं. पण मी लांडगा कुळातला. आपल्या कुळातल्या मेलेल्याला आपण हात लावायचा नसतो."

"मग आजवर कोण सोलायचं?"

"बायको. ती कावळा कुळातली होती."

शिकारी चाकू घेऊन उतरला. एल्डनने पाठ फिरवली.

"सोलताना काहीतरी बोलत राहा," तो म्हणाला. "ती बोलायची."