चाळीस किलोमीटर

त्याची बायको खाणीवरच्या दवाखान्यात नर्स होती. जीपनं जाऊन-येऊन बरोबर चाळीस किलोमीटर. संशयाला औषध नसतं म्हणतात, पण त्यानं एक शोधून काढलं होतं. संध्याकाळी ती कपडे बदलायला आत गेली, की तो हळूच जाऊन मीटर बघायचा. चाळीस भरले की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

रस्ता खडकाळ म्हणून चार महिन्यांपूर्वी, तिच्याच हट्टाखातर, त्यानं जीपला मोठे टायर घातले. तेव्हापासून गाडी चढावर धापा टाकायला लागली. शेवटी आज तो ती गॅरेजवर घेऊन आला.

"टायर वाढवले आणि अ‍ॅक्सलमधले गिअर जुनेच ठेवले, मग दुसरं काय होणार?" मिस्त्री म्हणाला. "चार पॉइंट एकचा रेशो आहे, चार पॉइंट सातचा टाकू. गाडी चढेल आणि मीटरही ताळ्यावर येईल."

"मीटरला काय झालंय?"

"मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, मीटर मात्र जुन्याच मापानं मोजतो. आता तो चाळीस दाखवतो ना, तेव्हा गाडी शेहेचाळीस पळालेली असते."

त्यानं मनातल्या मनात हिशोब केला. म्हणजे टायर बदलल्यावर मीटर पस्तीसवर यायला हवा होता. तो तर चार महिने रोज न चुकता चाळीसच दाखवत होता.

सकाळी तो फक्त "गाडी दाखवून आणतो" एवढंच म्हणाला होता, तरी निघताना बायको म्हणाली होती, "कशाला हो गिअर बदलताय? चाललंय की छान."