वेळेला हवा म्हणून

केंटकीच्या डोंगरातला म्हातारा हॉबार्ट चाळीस वर्षं खिशात घडीचा चाकू बाळगून होता. चर्चमध्येसुद्धा. "वेळ काय सांगून येते?" असं म्हणत तो पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचा आणि खटकन पातं उघडून दाखवायचा. बायको ओलेटा म्हणायची, "चाळीस वर्षांत कापलंस काय, तर सफरचंद! तुझी ती वेळ येईस्तोवर गंज चढेल त्याला."

एका रविवारी ती वेळ आली. चर्चला निघालेल्या ओलेटाच्या पायांना शेळीच्या दाव्याचा वेढा बसला, शेळी बिथरली आणि तिला नव्या कपड्यांनिशी चिखलाच्या ओढ्याकडे ओढू लागली. ओलेटानं दोन्ही हातांनी कुंपणाचा खांब धरला आणि बोंब ठोकली, "हॉबार्ट, दावं काप!"

हॉबार्ट धावत आला. ऐटीत चाकू काढला. आणि मग नुसताच त्याच्याशी झटत राहिला.

"अरे, उघड ना मेल्या! हात सुटतोय माझा!"

"अंगठा घसरतोय गं."

"मग नख घाल की खाचेत!"

"नख कुठून आणू? चर्चला जायचं म्हणून सकाळीच सगळी कापली, पार मुळापासून."

"कशानं?"



हॉबार्टनं मिटलेला चाकू हळूच पाठीमागे लपवला.