स्टेंटची हरकत

अरुंद झालेल्या जुन्या स्टेंटमध्ये फुगा घालायचा, तर नव्या कायद्याने आधी स्टेंटची संमती लागे. टेबलावर आडव्या पडलेल्या अण्णा टिपणिसांना हा निव्वळ आगाऊपणा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी औषध लावलेले दोन फुगे समोर धरले. "पहिल्याचं औषध लवकर उतरतं, मग वर्षभरात स्टेंट पुन्हा अरुंद होतो; दुसऱ्याचं टिकतं. कुठला?"

"दुसरा," अण्णांच्या छातीतून स्टेंट बोलला. "पण आधी यांनी बायकोची माफी मागावी. सहा वर्षं तिच्या आमटीला रोज नावं ठेवतायत, ऐकतोय मी."

"पत्र्याच्या तुकड्या, तुझी लायकी काय!" अण्णा गरजले, तशी कळ दंडापर्यंत उतरली. त्यांनी दात खाल्ले. "कुमुद, चुकलं."

काचेपलीकडून कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तो लवकर उतरणाराच घाला. वर्षभरात पुन्हा माफी मागायला आणते यांना."