रोखलेला श्वास

जॉर्ज टाउनमधल्या गोदामाच्या आगीत धुराने गुदमरलेल्या मालोजींची फुप्फुसं व्हेंटिलेटरवरही ताठरत चालली होती. नेमकी किती ताठरली, हे मोजायला डॉक्टर ऊर्मी सकाळपासून धडपडत होती. बटण दाबून यंत्राने भरलेला श्वास क्षणभर रोखायचा आणि आतला दाब वाचायचा. पण मालोजी मध्येच स्वतः श्वास ओढत आणि आकडा चुके. शेवटी तिने गुंगीचं औषध वाढवलं, पुन्हा बटण दाबलं. छाती स्थिर झाली, तोच खाटेशी उभी असलेली मालोजींची पत्नी विमला ऊर्मीचा हात ओढत किंचाळली, “अय्यो, श्वास बंद केलात!” “मोजू द्या हो! नाहीतर हेच यंत्र फुप्फुसं फोडेल!” ऊर्मी भडकली. मग ओशाळून तिने विमलाचा हात मालोजींच्या छातीवर ठेवला. “छाती थांबेल, मग हलेल,” म्हणत तिने पुन्हा बटण दाबलं. या वेळी आकडा नीट मिळाला, धोक्याच्या रेषेपलीकडचा. “हलली, हलली!” विमला हसली. ऊर्मीने मान फिरवली.